उस्तादांचं देणं

मला शल्यचिकित्सा शिकवणाऱ्यांत नामांकित प्राध्यापक होते. चाकू कसा धरायचा, गाठ कशी मारायची, पोट उघडल्यावर आधी कुठे पाहायचं, हे त्यांनी शिकवलं आणि त्यांचं ऋण मी वेळोवेळी बोलून दाखवलं आहे. त्या सगळ्यांनंतर, मी स्वतः सर्जन म्हणून नोकरीला लागल्यावर, मला आणखी एक शिक्षक भेटले. शाळा संपताच ते फौजेत भरती झाले आणि आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे सातारा जिल्ह्यातले. काश्मीरमध्ये आणि नंतर काँगोतल्या शांतिसेनेत त्यांनी जखमींची शुश्रूषा केली होती. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून ते ज्यांना शिकवत ते पोलीस जवान त्यांना उस्ताद म्हणत. मीही तेच म्हणू लागले. आपलं नाव कुठे छापायचं नाही असं त्यांनी मला बजावलेलं आहे, म्हणून इथेही ते उस्तादच.

त्यांच्याविषयी लिहायचं तर गडचिरोलीपासून सुरुवात करावी लागते. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला आहे. भामरागडहून जिल्ह्याच्या गावी यायचं म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून नागपूर पुन्हा जवळपास तेवढंच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ताच बंद. या जंगलात नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० साली तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचं पथक उभं केलं, तेच पुढे सी-६० म्हणून ओळखलं गेलं. त्यातली बहुतेक मुलं इथलीच, माडिया आणि गोंडी बोलणारी. एकट्या २००९ सालात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस मारले गेले. मी गडचिरोलीच्या रुग्णालयात रुजू झाले ती त्यानंतर, पण तिथल्या जुन्या परिचारिकांच्या बोलण्यात ते वर्ष सारखं यायचं.

मांडीतली मोठी धमनी तुटली तर धडधाकट माणूस तीन ते पाच मिनिटांत रक्त वाहून मरू शकतो. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर, त्यातलं निम्मं गेलं की परतीची वाट फार अवघड होते. आणि आमच्याकडे जखमी पोचायचा तो तासांनी. हेलिकॉप्टर मिळालं तरी ते उतरायला मोकळी जागा हवी, उजेड हवा, वरून गोळीबार थांबलेला हवा. एकीकडे मिनिटं, दुसरीकडे तास. या दोन आकड्यांच्या मध्ये सर्जन कुठेच बसत नाही, तो कितीही कुशल असो. तिथे फक्त शेजारी झोपून गोळ्या झाडणारा दुसरा जवान असतो.

हे मला कळत होतं, पण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. पोलिसांच्या प्रशिक्षणात प्रथमोपचार होता. त्रिकोणी पट्टीची झोळी, मोडलेल्या हाताला फळी, बेशुद्धाला कुशीवर वळवणं. चांगल्याच गोष्टी आहेत त्या. पण शाळेच्या मैदानावर पडलेल्या मुलासाठी आखलेला तो अभ्यासक्रम होता. सुरुंगाने दोन्ही पाय उडालेल्या माणसासाठी त्यात काही नव्हतं. टूर्निकेटविषयी, म्हणजे हातापायाला आवळून रक्त थांबवायच्या पट्ट्याविषयी, तर आम्हा डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलं होतं की तो शेवटचा उपाय, हात किंवा पाय गमावायची तयारी असेल तरच करावा.

जवानांसाठी नवं प्रशिक्षण सुरू होणार होतं आणि वैद्यकीय शंकांना उत्तरं द्यायला एखादा सर्जन हजर असावा म्हणून मला बोलावलं गेलं. मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली खुर्ची मांडून मी बसले. शिकवायला आलेल्या उस्तादांनी माझ्याकडे बघून कडक सलाम केला आणि जवानांकडे वळून पहिलं वाक्य उच्चारलं, "गोळीबार चालू असताना पहिलं औषध एकच. आपल्या बाजूचा गोळीबार."

मी चपापले. जखमी दिसला की त्याच्याकडे धावायचं, हा आमच्या पेशाचा पहिला संस्कार. उस्ताद शांतपणे समजावत होते की धावत गेलेला दुसराही पडतो, मग त्याला आणायला तिसरा जातो. आधी शत्रूची बंदूक दाबून धरा, जखमीला ओरडून सांगा की आडोशाला सरक आणि स्वतःचा पट्टा स्वतः बांध. गोळ्या चालू असेपर्यंत उपचार फक्त एक, हातापायाचं भळभळणारं रक्त थांबवणं. कपड्यावरूनच, जितका वर जाईल तितका वर, करकचून. बाकी श्वास, छाती, मोडलेली हाडं हे सगळं आडोसा मिळाल्यावर. आणि तिसरा टप्पा, जखमीला तिथून हलवतानाचा, त्याचे नियम पुन्हा वेगळे. त्या सकाळी मला पहिल्यांदा उमजलं की बरोबर उपचार चुकीच्या क्षणी केला तर तो माणसं मारतो. शस्त्रधाऱ्यांचा प्रथमोपचार हे वेगळं शास्त्र आहे, हे कुणा मोठ्या डॉक्टरने सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. उस्ताद करून दाखवत होते, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

त्यांचं शिकवणं मी किती वेळा पाहिलं असेन, पण कंटाळा आला नाही. ते जवानांच्या हातांना तेल चोळायला लावत, कारण रक्ताने माखलेले हात घसरतात. डोळ्यांवर गमछा बांधत, कारण जंगलात रात्र असते. मग म्हणत, "तुझा उजवा हात गेला. डाव्याने बांध." अर्ध्या मिनिटात पट्टा बसला नाही तर पुन्हा. पट्टा आधी ओढून पूर्ण ताणायचा, मगच त्यातली कांडी पिळायची. ढिल्या पट्ट्यावर कांडी कितीही फिरवली तरी उपयोग नाही. अर्धवट आवळलेला पट्टा तर घातकच, परत जाणारं रक्त अडतं, धमनीतून येणारं चालूच राहतं, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. कोपरावर, गुडघ्यावर बांधायचा नाही. बांधल्यावर पावलाची नाडी बघायची, लागली तर अजून पिळायचं. "दुखेल. फार दुखेल. सोड म्हणून रडेल, आईवरून शिव्या देईल. सोडायचा नाही. शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे."

जांघेत, काखेत, मानेच्या बुडाशी पट्टा बसत नाही. तिथे जखमेत बोट घालून रक्त कुठून उसळतंय ते शोधायचं आणि पट्टीचं कापड त्या जागेवर कोंबत जायचं, भोक गच्च भरेपर्यंत. मग शरीराचा सगळा भार देऊन दाबायचं, साध्या कापडाने पूर्ण दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. छातीत गोळी लागली असेल तर भोकावर प्लॅस्टिक चिकटवायचं आणि पाठ चाचपून बाहेर पडल्याचं दुसरं भोक शोधायचं. सीलबंद केल्यावर श्वास जास्त लागायला लागला तर कडा उचलून आतली हवा सोडायची. विदर्भाच्या उन्हातही जखमीला घोंगडी पांघरायची, कारण रक्त गेलेला माणूस गार पडतो आणि गार पडलेल्याचं रक्त गोठत नाही.

दोन नियम मला विशेष वाटले, कारण ते कुठल्याही सर्जरीच्या पुस्तकात मला भेटले नव्हते. पहिला, ज्याची जखम त्याचंच प्रथमोपचाराचं किट वापरायचं. प्रत्येकाच्या अंगावर किट एकाच जागी, अंधारातही हात जाईल अशा ठिकाणी. स्वतःचं किट मित्रावर खर्च करायचं नाही, कारण पुढच्या मिनिटाला ते तुलाच लागेल. दुसरा नियम, जखमी भानावर नसेल, बरळत असेल, तर सगळ्यात आधी त्याची रायफल, ग्रेनेड आणि वायरलेस काढून घ्यायचा. रक्त कमी झालेल्या मेंदूला मित्र आणि शत्रू ओळखू येत नाहीत. हे काढून घेताना त्याच्याशी बोलत राहायचं, त्याचं नाव घेऊन. जवानाचं शस्त्र काढून घेणं हा त्याचा अपमान वाटू नये म्हणून उस्ताद ते जोडीजोडीने करवून घेत, दोघांनीही एकमेकांचं.

ते नुसते शिकवत नव्हते, घेतही होते. एकदा स्ट्रेचरचा विषय निघाला तेव्हा एटापल्लीकडचा एक जवान उठला, आणि आजारी माणसाला गावातून कसं आणतात ते त्याने करून दाखवलं. खाट उलटी करायची, चारही पायांना दोर, मधून बांबू, आणि दोघांच्या खांद्यावर कावड. नाल्यातून, चढावरून, बांधावरून ती कशी वळते हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. उस्तादांनी त्याला पुन्हा करायला लावलं, खिशातली वही काढून चित्र काढलं आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला ते त्याच पोराच्या गावाचं नाव सांगून शिकवलं.

ही सगळी विद्या आली कुठून, हे मी नंतर वाचत गेले. ती एका खोलीत बसून कुणाला सुचलेली नाही. व्हिएतनामच्या युद्धात सुमारे अडीच हजार अमेरिकी सैनिक केवळ हातापायाच्या रक्तस्रावाने मेले, दुसरी कुठलीही मोठी जखम नसताना, असा अंदाज आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूच्या गल्ल्यांत एक तरुण अमेरिकी रेंजर, जांघेजवळची धमनी तुटल्याने, सोबत्यांच्या हातांखाली तासन्‌तास झुंजून गेला. १९९६ साली फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांनी रणांगणावरच्या उपचारांची नवी पद्धत लिहून काढली. बटलर आधी नौदलाचे कमांडो होते आणि मग नेत्रतज्ज्ञ झाले. उस्तादांचे तीन टप्पे तिथले. पुढे बगदादच्या एका लष्करी रुग्णालयात जॉन क्रॅग या सर्जनने टूर्निकेट बांधून आलेल्या जखमींचा काटेकोर हिशोब ठेवला. रक्त जाऊन शॉकची अवस्था येण्याआधी पट्टा बांधलेल्यांपैकी ९० टक्के वाचले, ती अवस्था आल्यावर बांधलेल्यांपैकी १० टक्के. आणि केवळ पट्ट्यामुळे कुणाचाही पाय कापावा लागला नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतली ती जुनी भीती तिथे संपली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती अमेरिकेच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटची नोंद. त्यांनी हे प्रशिक्षण फक्त वैद्यकीय जवानांना दिलं नाही, स्वयंपाक्यापासून कमांडरपर्यंत प्रत्येकाला दिलं. २००१ ते २०१० या काळात त्यांचे ४१९ जण लढाईत जखमी झाले. त्यांत रुग्णालयाबाहेर टाळता येण्याजोगा मृत्यू एकही नव्हता. याच काळातल्या संपूर्ण अमेरिकी सैन्याचा हिशोब मात्र तसा नाही. रुग्णालयात पोचण्याआधी मेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता, आणि त्या वाचण्याजोग्यांतले नव्वद टक्के रक्तस्रावाने गेले. तेच सैन्य, तीच युद्धं. फरक होता तो प्रत्येकाला शिकवण्याचा.

म्हणजे मी ज्याला उस्तादांचं ऋण म्हणते त्याच्यामागे आणखी माणसं उभी आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावंही मला माहीत नाहीत. गोठलेलं रक्त विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आम्ही देतो, जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत. त्याचा फायदा सिद्ध करणाऱ्या २०१० सालच्या चाचणीत चाळीस देशांतले वीस हजारांहून अधिक जखमी होते आणि आपल्या देशातले कितीतरी. त्यातले बरेच जण वाचले नाहीत. त्यांच्या नोंदींवर आमचा आजचा उपचार उभा आहे.

एका पावसाळी पहाटे एक जवान आणला गेला. रात्री चकमक झालेली, हवा खराब असल्याने हेलिकॉप्टर नाही. सोबत्यांनी खांद्यावरून आणि मग गाडीतून आणलेला. उजव्या मांडीतून गोळी आरपार. मांडीच्या बुडाशी पट्टा, बरोबर तिथे जिथे असायला हवा. पॅंट कापलेली, दुसरी जखम शोधल्याची खूण. अंगावर घोंगडी. रायफल दुसऱ्याकडे. आणि कपाळावर बॉलपेनने लिहिलेली पट्टा बांधल्याची वेळ. मी ती वाचली आणि मला पुढचा निर्णय घेता आला. दोन तासांच्या पुढे स्नायू आणि नसा धोक्यात येऊ लागतात, फार उशीर झाला असेल तर पट्टा सोडणंच जिवावर बेतू शकतं. ती वेळ लिहिलेली नसती तर मी अंधारात चाचपडले असते. आम्ही रक्त दिलं, धमनी जोडली, पाऊल गरम झालं.

पट्टा बांधणारा पोरगा बाहेर बाकावर ओल्या गणवेशात बसला होता. बारावी झालेला, वैद्यकीय पथकाशी काही संबंध नाही. मी त्याला विचारलं, भीती वाटली का? तो म्हणाला, "वाटली मॅडम. पण हात चालत होते." जखमीचे वडील दुसऱ्या दिवशी आले आणि माझ्या पाया पडू लागले. मी त्यांना धरून त्या पोराकडे नेलं. वर्तमानपत्रात मात्र आमच्या शस्त्रक्रियेविषयीच छापून आलं. ते मला आजही खटकतं. मी जोडला तो पाय. जीव त्याआधीच, पावसात, चिखलात गुडघे टेकून वाचवला गेला होता.

संध्याकाळी उस्तादांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "वेळ लिहिली होती?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग झालं."

या शिकवणीच्या मर्यादा उस्ताद कधी लपवत नसत, म्हणून मीही लपवणार नाही. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. तिथे कुठलाही पट्टा काही करू शकला नसता. पोटाच्या आणि छातीच्या आत होणारा रक्तस्राव बाहेरून दाबता येत नाही. तिथे लागतं ते लवकर हलवणं, रक्त आणि शस्त्रक्रिया. म्हणून हेलिकॉप्टर हवं, रक्तपेढ्या हव्यात, जिल्ह्यातच सर्जन हवेत. संरक्षण संशोधन संस्थेच्या 'इनमास'ने केंद्रीय राखीव पोलीस दलासाठी 'रक्षिता' ही दुचाकी रुग्णवाहिका २०२१ च्या जानेवारीत दिली, ती याच गरजेतून. पण यातलं काहीही उपयोगी पडायचं तर माणूस तोपर्यंत जिवंत राहायला हवा.

गडचिरोली सोडल्यानंतर मी हे शिकवायला लागले. पोलिसांना, होमगार्डना, वनरक्षकांना. तेल, गमछा, डाव्या हाताने बांधणं, सगळं उस्तादांचंच. एका तालुक्याच्या ठिकाणाहून शिपायाचा फोन आला की धानाच्या मळणी यंत्रात एका बाईचा हात गेला होता, त्याने पट्टा बांधला, ती वाचली. बंदूक बाजूला ठेवून त्याने केलेलं ते काम. त्याच्या फोननंतर मी पुन्हा उस्तादांना फोन केला. ते आता गावी शेती बघतात, गुडघे दुखतात, तरी बोलावलं की येतात. मानधनाचं पाकीट हातात दिलं तर त्यातून पट्टे आणा म्हणतात.

माझं मागणं साधं आहे. ज्याच्या हाती सरकारने किंवा मालकाने शस्त्र दिलं आहे, त्याच्या कमरेला दोन खरे टूर्निकेट असले पाहिजेत. खरे हा शब्द मुद्दाम लिहिते, कारण बाजारातल्या स्वस्त नकलांच्या कांड्या पिळताना मोडतात. आणि दरवर्षी त्याचा सराव झाला पाहिजे, कागदावर सही घेऊन नव्हे, तेल लावलेल्या हातांनी. हे पोलीस ठाण्याच्या पहाऱ्यावरच्या शिपायाला लागू आहे, तसंच बँकेच्या रोकड गाडीवर बारा बोअरची बंदूक घेऊन बसणाऱ्या वयस्क रक्षकालाही. खासगी रक्षकांना प्रथमोपचार शिकवावा असं २००५ च्या कायद्याखालचे नियमही सांगतात. तुमच्या बँकेच्या, कारखान्याच्या, गृहसंकुलाच्या दारात उभ्या असलेल्या रक्षकाला एकदा विचारा की हे त्याला कुणी शिकवलं आहे का. नाही म्हणाला, तर त्याच्या मालकाला विचारा. आणि आपल्या गावात असं प्रशिक्षण होत असेल तर तुम्हीही जाऊन बसा, शिकवणारे तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.